‘कलर’मधला यू गाळला तर चूक धरावी का? ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगविषयी एका शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर

आपण लिहिले आहे की, नववीच्या निबंधाच्या वह्या तपासताना एका विद्यार्थ्याने ‘कलर’मधला यू गाळलेला, ‘ट्रॅव्हल्ड’ एकाच एलने लिहिलेला आणि ‘सेंटर’चा शेवट ई-आरने केलेला आपल्याला आढळला. आपण तिन्ही ठिकाणी लाल रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी पालकांनी मोबाइलवरचा शब्दकोश उघडून ही तिन्ही रूपे त्यात असल्याचे दाखवले. यापुढे अशी रूपे चूक धरावीत की नाही, आणि मुलांना पाठ करायला देता येईल अशी एखादी यादी आहे का, हे आपले दोन प्रश्न आहेत. इंग्रजी पुस्तके आणि शोधनिबंध छपाईला जाण्यापूर्वी तपासण्याचे काम मी पुष्कळ वर्षे करतो आहे. लेखक भारतीय आणि प्रकाशक कधी लंडनचा, कधी न्यूयॉर्कचा, अशी स्थिती नेहमीच असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे रोज असतो.

माझ्या मते येथे खरा प्रश्न बरोबर की चूक हा नाही. त्या विद्यार्थ्याने लिहिलेली तिन्ही रूपे प्रमाण इंग्रजी आहेत, परंतु ती अमेरिकेतील प्रमाण रूपे आहेत, आणि आपली पाठ्यपुस्तके, न्यायालये, बँका व सरकारी कार्यालये ज्या परंपरेत लिहितात ती मुख्यतः ब्रिटिश आहे. म्हणून प्रश्न असा मांडावा लागतो की, या लेखनाचा वाचक कोण आहे, त्याच्यासाठी कोणती परंपरा धरायची आणि एकदा धरलेली परंपरा शेवटच्या ओळीपर्यंत टिकली आहे का. यातील पहिल्या दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपल्या शाळेने किंवा परीक्षकांना मिळणाऱ्या सूचनांनी काही लेखी ठरवून दिले असेल, तर ते माझ्या मतापेक्षा वरचे समजावे. तिसरी गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून नाही, आणि शिक्षकाने आपला आग्रह तिथेच धरावा असे मला वाटते.

पुढे मी अक्षरांची नावे मराठीत लिहिणार आहे. ‘ओ-यू-आर’ असे लिहिले की ती तीन इंग्रजी अक्षरे समजावीत.

दोन परंपरा का झाल्या, हे मुलांना थोडक्यात सांगितले तर अमेरिकन रूपे म्हणजे मोबाइलमुळे बिघडलेले इंग्रजी हा समज दूर होतो. मराठीत साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक नियम राज्य शासनाने 1962 मध्ये स्वीकारले. इंग्रजीसाठी अशी नियम ठरवणारी अधिकृत संस्था ना ब्रिटनमध्ये आहे ना अमेरिकेत. तिथे हे काम कोशकारांनी, मुद्रकांनी आणि शालेय पुस्तकांनी केले. सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश 1755 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि ओ-यू-आर हा शेवट ब्रिटनमध्ये रुजायला त्याची मोठी मदत झाली. परंतु त्याच कोशात ‘म्यूझिक’ आणि ‘पब्लिक’ यांच्या शेवटी सी-के आहे, ‘एरर’ आणि ‘टेरर’ हे शब्दसुद्धा ओ-यू-आरने लिहिलेले आहेत, आणि आज ब्रिटनमध्येही तसे कोणी लिहीत नाही. त्या काळात अमेरिकेतही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत होती. 1776 च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘नेबरिंग’ आणि ‘एन्डेव्हर्ड’ हे शब्द यूसह आहेत, तर अखेरच्या वाक्यातला ‘ऑनर’ यूशिवाय आहे. 1787 च्या अमेरिकन राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘डिफेन्स’ हा शब्द सीने लिहिलेला आहे, जो आज अमेरिकेत एसने लिहिला जातो.

हा गोंधळ एका बाजूला वळवण्याचे काम नोआ वेब्स्टर या कनेक्टिकटच्या शिक्षकाने केले. त्यांचे मुलांसाठीचे स्पेलिंगचे पुस्तक 1783 मध्ये, छोटा कोश 1806 मध्ये आणि सुमारे 70,000 शब्दांचा दोन खंडांचा मोठा कोश 1828 मध्ये आला. नव्या राष्ट्राचे लेखन स्वतःचे असावे आणि मुलांना ते सोपे जावे, असे त्यांचे दोन हेतू होते. त्यांचे सगळेच प्रस्ताव लोकांनी स्वीकारले नाहीत. ‘टंग’ हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहावा ही त्यांची सूचना अमेरिकेतही चालली नाही. उलट ‘म्यूझिक’मधला शेवटचा के गाळण्याची जी रीत त्यांनी धरली ती आज जगभर चालते आणि तिला कोणी अमेरिकन म्हणत नाही. पुढे 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सुलभ रूपात छापण्याचा आदेश दिला होता, पण अमेरिकन संसदेने विरोध केल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली. म्हणजे स्पेलिंग आदेशाने बदलत नाही. लोकांनी पुस्तकांतून आणि शाळांतून जे उचलले तेवढेच टिकले, आणि दोन देशांतील लोकांनी वेगवेगळे उचलले.

आता यादीविषयी. सरसकट यादी पाठ करायला देऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो, कारण हे फरक बहुतांशी गटागटांनी चालतात आणि गट समजला की शेकडो शब्द एकदम हाताशी येतात. यादी फक्त शेवटी उरणाऱ्या सुट्या शब्दांची करावी.

पहिला गट ओ-यू-आर आणि ओ-आर यांचा. ‘कलर’, ‘फेव्हर’, ‘लेबर’, ‘नेबर’, ‘ऑनर’, ‘ह्यूमर’, ‘हार्बर’ हे शब्द ब्रिटनमध्ये यूसह आणि अमेरिकेत यूशिवाय लिहितात. इथवर सगळ्यांना ठाऊक असते, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या हस्तलिखितांत खऱ्या चुका याच्या पुढे होतात. ब्रिटिश परंपरेतसुद्धा हा यू प्रत्येक साधित शब्दात टिकत नाही. ‘ह्यूमर’मध्ये यू आहे, पण ‘ह्यूमरस’ लिहिताना एम-ओ-आर-ओ-यू-एस असेच लिहायचे. ‘ग्लॅमरस’, ‘व्हिगरस’, ‘लेबोरियस’ हेही तसेच. ‘ऑनरेबल’मध्ये यू राहतो, पण ‘ऑनररी’मध्ये तो जातो. आपल्याकडच्या संस्थांच्या निमंत्रणपत्रिकांवर आणि लेटरहेडवर मानद सचिवांच्या पदनामात यू घुसवलेला मी वारंवार पाहतो, आणि तो कोणत्याही परंपरेत बसत नाही. त्याउलट ‘ई-डी’, ‘आय-एन-जी’, ‘एफ-यू-एल’, ‘ए-बी-एल-ई’ हे इंग्रजी वळणाचे प्रत्यय लागले तर यू राहतो: ‘कलरफुल’, ‘फेव्हरेबल’, ‘लेबर्ड’. लॅटिन वळणाचा प्रत्यय, म्हणजे ‘ओ-यू-एस’, ‘ए-आर-वाय’, ‘आय-ओ-यू-एस’ यांपैकी काही लागले तर यू गळतो. एवढा नियम नववीच्या मुलांना नक्कीच समजतो.

याच गटात आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. ‘डॉक्टर’, ‘ॲक्टर’, ‘मिरर’, ‘एरर’, ‘हॉरर’ यांत ब्रिटिशही यू घालत नाहीत, त्यामुळे शेवट ओ-आर दिसला की तो अमेरिकन समजण्याचे कारण नाही. आणि ‘ग्लॅमर’ हा शब्द अमेरिकेतही प्रायः ओ-यू-आरनेच लिहितात.

दुसरा गट आर-ई आणि ई-आर यांचा. ‘सेंटर’, ‘थिएटर’, ‘फायबर’, ‘लिटर’ हे ब्रिटनमध्ये आर-ईने आणि अमेरिकेत ई-आरने संपतात. ‘एकर’, ‘मॅसेकर’ आणि ‘मीडिओकर’ हे अमेरिकेतही आर-ईनेच संपतात, कारण तिथे सीच्या पुढे लगेच ई आला तर सीचा उच्चार ‘स’ होईल. ‘मीटर’ हा शब्द मात्र वर्गात वेगळा काढून शिकवावा. ब्रिटिश परंपरेत अंतराचे एकक आर-ईने संपते आणि मोजण्याचे साधन ई-आरने संपते. म्हणजे शंभर मीटरची शर्यत आर-ईने, पण विजेचा मीटर आणि थर्मामीटर ई-आरने. अमेरिकेत दोन्ही ई-आरनेच लिहितात. ‘किलोमीटर’ मापाचे एकक असल्यामुळे आपल्याकडे तो आर-ईने लिहावा.

आपल्या विद्यार्थ्याचा ‘ट्रॅव्हल्ड’ तिसऱ्या गटात येतो, आणि या गटावर मी जास्त वेळ खर्च करावा म्हणतो, कारण येथे केवळ सवयीवर विसंबून चालत नाही. इंग्रजीचा मूळ नियम असा आहे की, एका स्वराक्षरानंतर एका व्यंजनाने संपणाऱ्या क्रियापदाला ‘ई-डी’ किंवा ‘आय-एन-जी’ लागताना, आघात (उच्चारातला जोर) शेवटच्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या शेवटच्या तुकड्यावर, असेल तर शेवटचे व्यंजन दुप्पट होते. ‘रेफर’ आणि ‘ऑकर’ यांचा आघात शेवटी आहे, म्हणून भूतकाळात दोन आर येतात. ‘ऑफर’ आणि ‘व्हिजिट’ यांचा आघात सुरुवातीला आहे, म्हणून एकच आर आणि एकच टी राहतो. हे दोन्ही देशांत सारखेच आहे. फरक पडतो तो एलच्या बाबतीत. अमेरिकेने एललाही हाच नियम लावला, तर ब्रिटनने एलला सवलत दिली आणि आघात कुठेही असो, तो दुप्पट केला. ‘ट्रॅव्हल’चा आघात सुरुवातीला आहे, म्हणून अमेरिकेत एक एल आणि ब्रिटनमध्ये दोन. ‘कॅन्सल्ड’, ‘लेबल्ड’, ‘मॉडेलिंग’, ‘सिग्नलिंग’, ‘काउन्सेलर’, ‘मार्व्हलस’ आणि ‘वुलन’ याच वाटेने जातात. ‘कंट्रोल’ आणि ‘कंपेल’ यांचा आघात शेवटी आहे, म्हणून तिथे दोन्ही देश दोन एल लिहितात. ‘कंट्रोल्ड’ एका एलने लिहिणारा विद्यार्थी अमेरिकन परंपरेतही चुकलेला असतो, आणि तिथे लाल रेघ निःशंकपणे मारावी. ‘कॅन्सलेशन’मध्ये दोन एल दोन्हीकडे आहेत. ‘पॅरलल’च्या भूतकाळात मात्र ब्रिटिशही शेवटचा एल दुप्पट करत नाहीत, कारण त्या शब्दात आधीच दोन एल येऊन गेलेले असतात.

आता याच गटाची उलटी बाजू पाहावी, कारण ब्रिटिश दोन एल लिहितात आणि अमेरिकन एक, असे पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास फसतो. ‘फुलफिल’, ‘एन्रोल’, ‘डिस्टिल’, ‘स्किलफुल’, ‘विलफुल’, ‘इन्स्टॉलमेंट’ या शब्दांत ब्रिटिश परंपरा एल कमी करते आणि अमेरिकन परंपरा तो राखते. ब्रिटिश ‘फुलफिल’ एका एलने संपतो, अमेरिकन दोन एलने. ‘स्किल’ला ‘फुल’ जोडताना ब्रिटिश लोक ‘स्किल’मधला एक एल काढतात, अमेरिकन तो ठेवतात. शाळेच्या प्रवेश अर्जावरचा ‘एन्रोलमेंट’ आणि कर्जाच्या हप्त्याचा ‘इन्स्टॉलमेंट’ आपल्याकडे एका एलने लिहिणे ब्रिटिश परंपरेला धरून आहे. पण ‘एन्रोल्ड’ असा भूतकाळ केला की आघात शेवटी असल्याने पुन्हा दोन एल येतात, आणि ‘इन्स्टॉल’ हे क्रियापद ब्रिटनमध्येही सहसा दोन एलनेच लिहितात. दोन एल हे ब्रिटिशपणाचे चिन्ह नव्हे, हे मुलांना उदाहरणांसह दाखवल्याशिवाय पटत नाही.

चौथा गट एस आणि झेड यांचा, आणि याविषयी आपल्याकडे सर्वांत घट्ट गैरसमज आहे. ‘ऑर्गनाइज’, ‘रिअलाइज’, ‘रेकग्नाइज’ झेडने लिहिले की ते अमेरिकन झाले, असे बहुतेक शिक्षक आणि पुष्कळ संपादकही मानतात. प्रत्यक्षात हा प्रत्यय ग्रीकमधून आलेला आहे आणि मुळात तिथे झेडच्या उच्चाराचेच अक्षर होते. म्हणून ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश आजही झेडचे रूप मुख्य मानतो, आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेची जुनी पद्धतही तीच आहे. ब्रिटनमधील वर्तमानपत्रे आणि सरकारी कागदपत्रे सामान्यतः एस वापरतात. म्हणजे ब्रिटिश परंपरेत दोन्ही मान्य आहेत. झेडचा आग्रह आहे तो अमेरिकेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अधिकृत इंग्रजी नावात ‘लेबर’ यूसह आहे आणि ‘ऑर्गनायझेशन’ झेडने आहे. हे ब्रिटिश आणि अमेरिकनचे मिश्रण नसून शुद्ध ऑक्सफर्ड पद्धत आहे, आणि संयुक्त राष्ट्रांची कागदपत्रे याच पद्धतीने लिहिली जातात. आपल्या इस्रोच्या नावातला ‘ऑर्गनायझेशन’ एसने आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या नावातला झेडने. वर्गात ही दोन नावे फळ्यावर शेजारी लिहिली तरी मुद्दा समजतो.

दोन सावधगिऱ्या इथे पाळाव्यात. ‘ॲडव्हर्टाइज’, ‘सरप्राइज’, ‘एक्सरसाइज’, ‘सुपरवाइज’, ‘रिव्हाइज’, ‘कॉम्प्रमाइज’ हे शब्द त्या ग्रीक प्रत्ययाने बनलेले नाहीत, म्हणून ते दोन्ही परंपरांत एसनेच लिहायचे. आणि ‘ॲनालाइज’ व ‘पॅरलाइज’ हे ब्रिटनमध्ये, ऑक्सफर्डच्या पद्धतीतसुद्धा, एसनेच लिहितात. झेडने फक्त अमेरिकेत. शाळेसाठी मी सर्वत्र एस धरण्याची शिफारस करीन, कारण त्यामुळे हे अपवाद मुलांना लक्षात ठेवावे लागत नाहीत. पण एखाद्या मुलाने ‘ऑर्गनाइज’ झेडने आणि ‘कलर’ यूसह लिहिले असेल, तर त्याचे गुण कापणे अन्यायाचे होईल.

पाचवा गट सी आणि एस यांचा. ‘डिफेन्स’ आणि ‘ऑफेन्स’ ब्रिटनमध्ये सीने, अमेरिकेत एसने. आपले संरक्षण मंत्रालयही सीनेच लिहिते. ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ मात्र विचार करून लिहावे लागतात. ब्रिटिश परंपरेत नाम सीने आणि क्रियापद एसने लिहितात: डॉक्टरांची प्रॅक्टिस सीने, पण रोज गाण्याचा सराव करणे एसने, वाहनचालकाचे लायसन्स सीने, पण परवाना देणे एसने. अमेरिकेत ‘प्रॅक्टिस’ दोन्ही अर्थी सीने आणि ‘लायसन्स’ दोन्ही अर्थी एसने. मुलांना हे लक्षात राहण्यासाठी ‘ॲडव्हाइस’ हे नाम आणि ‘ॲडव्हाइझ’ हे क्रियापद यांचा आधार द्यावा, कारण तिथे उच्चारच वेगळा असल्याने सी आणि एस यांचा फरक कानाला कळतो.

ए-ई आणि ओ-ई या जोडाक्षरांचा गट मुख्यतः वैद्यकात येतो, त्यामुळे थोडक्यात सांगतो. ‘हीमोग्लोबिन’, ‘ॲनिमिया’, ‘पीडिॲट्रिक’, ‘डायरिया’ यांत ब्रिटिश परंपरा जोडी ठेवते आणि अमेरिकन परंपरा त्यातला ई तेवढा राखते. डॉक्टर लेखकांना मी आवर्जून सांगतो की, जुन्या छापील सूचीत ‘ईस्ट्रोजेन’ ब्रिटिश पुस्तकात ओ अक्षराखाली आणि अमेरिकन पुस्तकात ई अक्षराखाली सापडेल, तेव्हा दोन्हीकडे शोधावे. विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक वेगळी नोंद: गंधकाचे इंग्रजी नाव ब्रिटनमध्ये पी-एचने लिहीत, पण रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने 1990 मध्ये एफचे रूप स्वीकारले आणि ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने 1992 मध्ये तेच धरले. त्याच संघाने ‘ॲल्युमिनियम’ मात्र ब्रिटिश रूपात, शेवटी आय-यू-एमसह, ठेवले. रसायनशास्त्राच्या वहीत एफ दिसला तर त्याला अमेरिकन म्हणून खोडू नये.

गटांत न बसणारे सुटे शब्द शेवटी उरतात, आणि आपली यादी एवढ्याचीच करावी. बँकेचा चेक आपल्याकडे क्यू-यू-ईने संपतो. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या) इंग्रजी मजकुरातही तो तसाच आहे. अमेरिकेत तो सी-एच-ई-सी-के असा लिहितात. गाडीचा टायर ब्रिटनमध्ये वायने, अमेरिकेत आयने. राखाडी रंगाचा ‘ग्रे’ ब्रिटनमध्ये ईने, अमेरिकेत एने. ‘पायजमा’ ब्रिटनमध्ये वायने, अमेरिकेत एने. नांगराचा ‘प्लाउ’ ब्रिटनमध्ये ओ-यू-जी-एचने, अमेरिकेत ओ-डब्ल्यूने. इमारतीच्या मजल्याचा ‘स्टोरी’ ब्रिटनमध्ये ई-वायने लिहितात, जेणेकरून तो गोष्टीपासून वेगळा दिसावा. ‘ज्वेलरी’ ब्रिटनमध्ये दोन एल आणि तीन ई घेतो, अमेरिकेत एक एल आणि दोन ई. ‘प्रोग्रॅम’ समारंभाचा किंवा दूरदर्शनचा असेल तर ब्रिटिश परंपरेत शेवटी एम-एम-ई, पण संगणकाचा असेल तर ब्रिटनमध्येही नुसता एम. ‘जजमेंट’मध्ये जीनंतरचा ई सामान्य ब्रिटिश लेखनात चालतो, परंतु न्यायालयाच्या निकालासाठी ब्रिटनमध्ये आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयातही ईशिवायचे रूपच वापरतात.

विशेषनामे या सगळ्याच्या बाहेर आहेत. मुंबईच्या कफ परेडवरील वर्ल्ड ट्रेड सेंटरचे नाव आर-ईने आणि न्यूयॉर्कच्या इमारतीचे ई-आरने लिहावे, निबंधाची परंपरा कोणतीही असो. ऑस्ट्रेलियात ‘लेबर’ यूसह लिहितात, पण तिथल्या लेबर पक्षाचे नाव यूशिवाय आहे. 1992 मध्ये पहिल्यांदा उडालेले अमेरिकेचे ‘एन्डेव्हर’ हे अंतराळयान ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुक यांच्या जहाजाच्या नावावरून ओळखले जाते, म्हणून अमेरिकन असूनही त्यात यू आहे. नाव ज्याचे त्याने जसे लिहिले तसेच आपण लिहायचे.

एवढ्यावरून वह्या तपासण्याची पद्धत अशी निघते. शाळेने ब्रिटिश परंपरा धरली आहे असे वर्षाच्या सुरुवातीला मुलांना आणि पालकांना सांगावे. त्यानंतर अमेरिकन रूप आढळले तर त्याच्याखाली लाल रेघेऐवजी वेगळी खूण करून समासात ‘अमेरिकन रूप’ असे लिहावे आणि शेजारी ब्रिटिश रूप द्यावे. गुण कापायचे असतील तर ते एकाच निबंधात एकदा यूसह आणि एकदा यूशिवाय असे लिहिले असेल तेव्हा कापावेत, कारण तिथे मुलाने निवड केलेली नाही, त्याचे लक्ष सुटले आहे. आणि दोन्हीकडे न बसणारे रूप, जसे ‘ह्यूमरस’मधला जादा यू किंवा एका एलचा ‘कंट्रोल्ड’, हे मात्र सरळ चूक समजावे. त्या पालकांनाही हे समजावता येईल. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या चांगल्या इंग्रजी कोशांत अशा रूपांपुढे ते ब्रिटिश की अमेरिकन हे संक्षेपाने छापलेले असते, आणि ती खूण वाचायला शिकवणे हा वर्गातला एक चांगला तास होऊ शकेल.

माझ्या कामात मी प्रत्येक हस्तलिखितासाठी एक पान वेगळे ठेवतो. लेखकाने कोणती परंपरा धरली आहे, एस की झेड, ‘जजमेंट’ कसा, ‘प्रोग्रॅम’ कसा, हे पहिल्या वाचनातच त्यावर लिहून ठेवतो आणि पुढे शंका आली की आठवणीवर न विसंबता त्या पानाकडे पाहतो. दहावीपर्यंतच्या मुलांना असे पान वहीच्या शेवटच्या बाजूला करायला सांगितले, तर सुट्या शब्दांची यादी त्यांची त्यांनाच तयार होते आणि ती पाठ करावी लागत नाही.

संगणकाविषयीही सांगितले पाहिजे, कारण मुले प्रकल्प त्यावरच लिहितात. लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये मजकुराची भाषा पुष्कळदा अमेरिकन इंग्रजी अशी आधीच ठरलेली असते, आणि मग बरोबर ब्रिटिश स्पेलिंगखाली लाल नागमोडी रेघ येते. भाषा ब्रिटिश किंवा भारतीय इंग्रजी अशी निवडली की ‘कलर’ आणि ‘सेंटर’ यांची अडचण मिटते. परंतु जे रूप दोन्हीकडे वेगवेगळ्या अर्थाने अस्तित्वात आहे, ते यंत्र सहसा पकडत नाही: वाहनाचा टायर आयने लिहिला तरी थकण्याचे क्रियापद म्हणून ते रूप यंत्राला माहीत असते, मजल्याचा ‘स्टोरी’ वायने लिहिला तरी गोष्ट म्हणून ते चालते, आणि ‘मीटर’, ‘चेक’, ‘प्रॅक्टिस’ यांचेही तसेच होते. हे शब्द डोळ्यांनीच तपासावे लागतात. संगणकाची भाषा शिकणाऱ्या मुलांनी आज्ञावलीत ‘कलर’ यूशिवायच लिहिला पाहिजे, कारण वेबपानांची भाषा फक्त तेच रूप ओळखते. तोच मुलगा निबंधात तो यूसह लिहील आणि त्यात विसंगती काही नाही.

पुढे परदेशी शिक्षणासाठी आयेल्ट्स देणाऱ्या विद्यार्थ्यांनी काय करावे, हे पालक विचारतील. त्या परीक्षेत दोन्ही परंपरा मान्य आहेत, तेव्हा आधी शिकलेली परंपरा बदलण्याची धडपड करू नये. अमेरिकन विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर तिथल्या पद्धतीने लिहायला, गट समजलेले असले, की थोड्या सरावानंतर अडचण येत नाही. कॅनडाला जाणाऱ्यांना मात्र सांगून ठेवावे की तिथे ‘कलर’ आणि ‘सेंटर’ ब्रिटिश वळणाचे, तर गाडीचा टायर आणि ‘ऑर्गनाइज’चा झेड अमेरिकन वळणाचा, अशी तिसरीच परंपरा स्थिरावलेली आहे.

आपल्या वर्गाच्या वह्यांत याखेरीज अडणारे शब्द असतील तर ते कृपया पूर्ण वाक्यासह लिहावेत, कारण ‘मीटर’ किंवा ‘प्रॅक्टिस’ यांसारख्या शब्दांचा निर्णय वाक्य पाहिल्याशिवाय देता येत नाही.